मागे कोण घेणार?

जुनी गाडी चांगली की नवी, हे मला विचारू नका. दर्पण कॉलनीतल्या अप्पासाहेबांकडे कच्च्या वाटांवर चालणारी, जाड टायरांची जुनी तीनचाकी आहे. त्यांच्या धाकट्या भावाने, नानाने, तिचंच नवं मॉडेल घेतलं. सरस कोणती हे ठरवायला दोघांनी मला चंबळच्या घळींत नेलं. मी अप्पासाहेबांच्या मागे बसलो होतो. नाना पलीकडून वळसा घेऊन निघाला, आणि अरुंद वाटेवर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या.

“नान्या, मागे घे. माझ्या गाडीला रिव्हर्स नाही.”

“माझ्या गाडीला आहे, दादा. पण आपल्या घराण्यात मागे कोण हटलंय?”

“तेही खरंच!” अप्पासाहेब सद्गदित झाले.

दोन तास कोणी हललं नाही. उन्हात मी पापडासारखा भाजलो. अखेर एक बकऱ्यावाला आला.

“दोनों बिगड़ गईं क्या, बाबूजी?”

“नहीं भैया,” मी म्हणालो, “गाड़ियाँ तो दोनों ठीक हैं.”