सगळ्यांना खुली विहीर

चहा घ्या, पण आमच्या गावच्या सुधारणेचं मला विचारू नका. नागपूरला आल्यापासून गावाकडचं कोणी भेटलं की माझा पहिला प्रश्न असायचा, "विहीर सगळ्यांना खुली झाली का?"

उन्हाळ्यात काका आले. म्हणाले, "हाव, झाली ना बे!"

मी वसतिगृहात पेढे वाटले आणि संध्याकाळी त्यांच्यासमोरच सभेत भाषण ठोकलं.

दिवाळीला मलकापूरला उतरून गाव गाठलं आणि तडक विहिरीवर गेलो. महारवाड्यातला माझा शाळासोबती किसन तिथं एकटाच पाणी शेंदत होता.

"बाकीचे लोक कुठं गेले?" मी विचारलं.

"त्याईनं देवळामागं दुसरी खोदली," तो दोर ओढत म्हणाला. "हे आमाले सोडली."

घरी येऊन मी काकांवर ओरडलो, "मले खोटं काऊन सांगतलं?"

"खोटं काय त्यात? खुली झाली, म्हणून तं आपलं कोणी तिकडे जात नाही." काकांनी तांब्या पुढं केला. "घे, पाणी पे. अन् पुढच्या भाषणात सांग, आमच्या गावात आता दोन विहिरी हायेत."