मालिनीच्या स्कीची भोकं

...आणि वर पुन्हा तिलाच विचारतात, मालिनी, तू एवढी गप्प का? आता ती बोलणार कधी, तुम्हीच सांगा, गॅरेजमध्ये ड्रिल चालू असताना माणसाचं बोलणं ऐकू येतं का? तुम्हाला सांगते, शहाऐंशी सालचा हिवाळा, मिशिगनमधलं ट्रॉय, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि त्या गॅरेजमध्ये दोन मोठे इंजिनियर, मालिनीचा नवरा श्रीरंग आणि त्याचा कॉलेजपासूनचा मित्र कुमार, एका स्कीच्या जोडीवर असे वाकलेले, की बघणाऱ्याला वाटावं टेबलावर पेशंट झोपलाय. आणि स्की कुणाच्या? मालिनीच्या.

मालिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. लग्न होऊन आली ती थेट श्रीरंगच्या घरात, आणि त्या घरातली प्रत्येक वस्तू श्रीरंगने स्वतः बसवलेली. शेल्फ त्याच्या हाताला येईल असं, म्हणजे डाळीचा डबा काढायला हिने स्टुलावर चढायचं. शॉवर त्याच्या डोक्याच्या हिशेबाने. गाडीची सीट हिने पुढे घेतली की दुसऱ्या दिवशी ती मागे. तक्रार केली का कधी? नाही केली. तसा माणूस चांगला हो, कसलं व्यसन नाही, फक्त त्याच्या हातात ड्रिल आलं की समोरचं माणूस त्याला दिसेनासं होतं...

तर त्या लॅबमधली कॅरल तिला एका रविवारी स्कीच्या टेकडीवर घेऊन गेली. मालिनीला वाटलं, जाऊ, कॉफी पिऊ, परत येऊ. आणि ही कॅरल, चांगली पन्नाशीची बाई, वरून खाली आली ती एक पाय पुढे, दुसरा गुडघा जवळजवळ बर्फाला टेकवत, डावीकडे वळली, उजवीकडे वळली, अशी अलगद... टेलिमार्क म्हणतात त्याला. बुटाचं फक्त नाक स्कीला अडकवलेलं, टाच मोकळी. मालिनीच्या हातातली कॉफी गार झाली. कितीतरी वर्षांनी तिला स्वतःसाठी काहीतरी हवंसं वाटलं. पुढच्या पगाराला तिने स्की घेतल्या, बूट घेतले, बुटाचं नाक धरणारी ती धातूची पकड घेतली, तिला बाइंडिंग म्हणतात. दुकानातला म्हणाला, ठेवून जा, बसवून देतो. श्रीरंग म्हणाला, "दुकानदार कशाला? मी गाड्यांचं सस्पेन्शन डिझाइन करतो मालिनी, मला तीन स्क्रू बसवता येणार नाहीत?"

झालं.

त्याने स्की आडवी बोटावर तोलली, जिथे तोल साधला तिथे रेघ मारली. "बॅलन्स पॉइंट. इथेच. फिजिक्स आहे." आणि पाडली भोकं. शनिवारी कुमार जेवायला आला. आमटी-भात पानात तसाच, हा गॅरेजमध्ये. "अरे श्री, हे काय करून ठेवलंस? बॅलन्स पॉइंट बघतात सपाटीवर पाय उचलून चालायच्या स्कीला. हिला उतारावर वळायचंय ना? मग टोकापासून टोकापर्यंत सरळ टेप लाव, निम्मं कर, तिथे बाइंडिंग. सेंटर म्हणजे सेंटर, यार." फरक किती? दोन बोटांचा. दोन बोटांसाठी जुनी भोकं इपॉक्सी गोंदाने बुजवली, नवी पाडली. दोन दिवसांनी श्रीरंगची झोप उडाली, नव्या जागेवर स्की तोलली तर ती एका बाजूला कलते, म्हणून पुन्हा कुमारला फोन, पुन्हा कुमार हजर, पुन्हा वाद. आणि स्की कुणाच्या? मालिनीच्या.

तिने एकदा विचारलं हो, नाही असं नाही. बूट घालून दारात आली आणि म्हणाली, "मी एकदा स्कीवर उभी राहून बघू का? मला कुठे बरं वाटतंय ते कळेल तरी."

कुमार अगदी प्रेमाने म्हणाला, "वहिनी, तुमच्या उभं राहण्याचा प्रश्नच नाहीये इथे."

श्रीरंग म्हणाला, "तू जरा उजेडातून बाजूला हो."

झाली ती बाजूला. आत मुलगी दीपा अभ्यास करत होती, ती मान वर न करता म्हणाली, "मॉम, जस्ट टेल देम टू स्टॉप." मालिनी म्हणाली, "अगं, ते मदत करताहेत." आणि हे बोलताना, तुम्हाला सांगते, तिला स्वतःचाच इतका राग आला की तिने धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

शेवटी दोघांनी तडजोड केली. आता ही तडजोड नीट ऐका. एकाची भोकं इथे, दुसऱ्याची दोन बोटं पुढे, म्हणून दोघांनी मिळून तिसरी भोकं पाडली बरोबर मधोमध, बुजवलेल्या जुन्या भोकांना खेटून. स्कीच्या पोटात लाकूड राहिलं कुठे? नुसती चाळण. आणि दोघे एकमेकांना टाळ्या देतायत, चहा टाक म्हणून आत निरोप.

रविवारी मालिनी टेकडीवर गेली. वरून निघाली, पाय पुढे टाकला, गुडघा वाकवला, पहिलंच वळण, आणि पायाखालून कर्रर्र आवाज झाला. बाइंडिंग बुटाला, बूट पायाला, आणि स्की एकटीच खाली निघून गेली, छान सरळ. मालिनी बर्फात बसून तिच्याकडे बघत राहिली. लागलं नव्हतं फारसं. रडूही आलं नाही. एवढंच वाटलं की आता घरी गेल्यावर आपल्यालाच समजावून सांगतील, वहिनी, तुमचं वजन चुकलं.

कॅरलने स्की शोधून आणली, उलटीसुलटी करून बघितली. "हू ड्रिल्ड धिस?"

"माय हजबंड."

"ऑन पर्पज?"

मालिनीने बुटाला लटकलेलं बाइंडिंग सोडवून खिशात टाकलं.

मग तिने टेकडीखालच्या, स्की भाड्याने देणाऱ्या लॉजमधून एक जोडी घेतली. जुनाट, ओरखडलेली, बाइंडिंग कुणी बसवलं, कुठे बसवलं, कुणालाच पत्ता नाही. आणि त्या स्कीवर ती दिवसभर उतरली. पडली, उठली, पुन्हा वर गेली, आणि ऊन कलता कलता तिला एक वळण साधलं. मग दुसरं. गुडघा बर्फाच्या इतका जवळ गेला की पँट ओली झाली. कॅरल खालून टाळ्या वाजवत होती, आणि मालिनी वर एकटी उभी राहून हसत होती, आणि कुणी तिला बाजूला हो म्हणत नव्हतं.

घरी आली. पँट अजून ओली, गाल लाल. कुमार बसलेलाच होता. मोडलेली स्की दोघांनी बघितली, एकमेकांकडे बघितलं, स्क्रू आखूड होते असं ठरलं. ती म्हणाली, भाड्याच्या घेतल्या, मला वळता आलं. वळता आलं, हे कुणी ऐकलं? श्रीरंग एकदम ताठ बसला. "भाड्याच्या? त्यांचं बाइंडिंग कुठे बसवलेलं होतं?"

मालिनीने कोट काढला, खुंटीला लावला. "पायाखाली," ती म्हणाली.

श्रीरंग कुमारकडे वळला. "बघ. बॅलन्स पॉइंटच."