जांभळीचा ताबा

क्रांती चौकात बसची वाट पाहत होतो. शेजारी दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"मिळाला का नातीचा दाखला, द्वारकाबाई?"

"आज मिळाला. माझ्या पोराला तिच्यासाठी परीक्षावाली शाळा पाहिजे, अन् चकरा मला."

"ही शाळा सोडत नव्हती?"

"शाळा सोडती, पोरगीच निघंना. तिथं प्रत्येक लेकराचं एक झाड असतंय. जाताना ते दुसऱ्या लेकराला सोपवायचं."

"मग सोपवायचं की."

"कुणावर भरवसाच नाय तिचा. शेवटी म्हणलं, तुझ्या जांभळीला मी घालते पाणी."

"लई बेस केलं."

"कशाचं बेस! मॅडम म्हणल्या, झाड शाळेतल्यालाच मिळतं."

"या अल्ला! मग?"

"मग काय, जैतुनबी. उद्यापासून मी बालवर्गात."

"या गुडघ्यांनी?"

"दमलेल्या लेकराला निजू देतेत म्हणं तिथं."