गुरुजींचं पाकीट

बीडच्या पोस्टात रांगेत उभ्या शाईस्ताच्या पुढं मैनुद्दीन मिस्त्री उभे होते. थोरामोठ्यांच्या फोटोची पोस्टानं काढलेली पाकिटं जमवायचा त्यांना भारी नाद. शेजारच्या रांगेतल्या एका बाईंनी त्यांच्या हातातलं, एका गुरुजींच्या फोटोचं नवं पाकीट पाहिलं.

"चाचा, हे माझे बाबा हायेत."

"गुरुजींची लेक तुमी? लई मोठा माणूस! शिक्काबी बघा, कसा साफ उठलाय."

"आत काय हाय?"

"काई न्हाई. रिकामंच ठेवायचं असतंय. काई घातलं की किंमत गेली."

"ऊसतोड्यांच्या लेकरांला वसतिगृह द्या म्हणून बाबांनी मरेपर्यंत सरकारला पत्रं लिहिली. एकाचंबी उत्तर आलं न्हाई."

"आता आलं की, ताई. फोटो छापून आलं."

"हां. पाकीट तेवढं आलं."