टोपी बसली की येतो

तुम्हाला खोटं वाटेल, पण माझा भाऊ माझ्याकडे शारजाला येत नव्हता तो नखाएवढ्या तांब्याच्या टोपीपायी. सुहास अमेरिकेत असतो. वहिनी गेल्यापासून घरी शिसं वितळवून नेमबाजीच्या गोळ्या ओततो आणि प्रत्येकीच्या बुडाला तांब्याची टोपी बसवतो. ती काही केल्या घट्ट बसेना. मी फोनवर ये म्हटलं, की याचं ठरलेलं, "ताई, टोपी बसली की येतो."

मला त्या टोप्या दिवसाढवळ्या दिसायला लागल्या. आमच्या अल नहदा भागातल्या टॉवर्समागे सूर्य उतरला, की वाटायचं, हीच ती टोपी, आकाशालाही नीट बसत नाहीये.

एकदा चहा पिता पिता आमचे हे म्हणाले, "तांबंच ना? तापवून निवू दे म्हणावं, मऊ पडेल. आमच्या एसीच्या फॅक्टरीत नळीचं तोंड रुंद करायच्या आधी तेच करतात."

सुहासने तसं केलं. व्हिडिओ कॉलवर गोळी उलटी धरून हलवली. टोपी जागची हलली नाही.

मी म्हटलं, "मग? तिकीट?"

त्याने गोळी डोळ्यांजवळ नेली. मग हळूच म्हणाला, "एकटा कधी आलो नाहीये गं तुझ्याकडे. आणि ही... जरा तिरकीच वाटते ना?"

माझ्या मागून लेक ओरडली, "मामा, इट्स परफेक्ट! यल्ला, कम!"

चष्मा पुसत तो म्हणाला, "खलास. आता यावंच लागणार."