लिपलेली ढोली

—झुडपी? झुडपी जंगल लिहलं तुमी? अन् मले म्हणता, लटारूभाऊ, गावचा साक्षीदार म्हणून इथी अंगठा मारा. वा साहेब. पाखरं मोजाले आले अन् बसले कुठी — त रस्त्याकडच्या सागवानात, सावली पाहून. खायाले फळ नाई, लपाले झाडोरा नाई — पाखरू तिथी काय सागाची पानं चघळाले येईन? दोन कावळे दिसले, तेच कागदावर चढवले. इथवर चालत याले पाय दुखते का तुमचे?

पंधरा वर्षांआंधी ठेकेदारानं कूप, म्हणजे तोडीचा हा सारा पट्टा, साफ केला, तवा हे उघडं रान होतं. मंग हे लावलं कोणं? म्या नाई — तुमच्या नर्सरीनं त नाईच. पाखरानं लावलं. तिकडं उंबर खाल्ला, इथी हागलं, झालं. जांभूळ, चारोळीचा चार, बेहडा — सारं आपसूक. म्या फक्त आग येऊ देली नाई. मोहफुलं वेचाले लोक झाडाखालचा पाला जाळते, मी झाडून काढतो — गाव हासते, म्हणते लटारू जंगलाचा झाडूवाला झाला. हासो. पावसाळ्यात नवरंग पाखरू येते, उंबरावर धनेश येते. तुमी लिहा झुडपी, म्हणजे बिनकामाचं रान — मंग दिवाळीनंतर मशीन येईन, हे सारं उपटून सागवानाच्या रांगा लावीन. लय शिकलेले लोक तुमी.

काय म्हणता? धनेश इथी घर करते का? नाई करत. कुठी करीन — बुंधे अजून मांडीएवढे, ढोली नाई एकालेबी. ढोलीचा बेहडा होता एक. तो म्याच पाडला — त्याच कुपात, मजुरीनं. ढोलीचं तोंड मातीनं लिपलेलं दिसलं, आमी म्हटलं वाळवी लागली, झाड पोकळ आहे, हेच पाडा पहिले. पडल्यावर पाह्यलं त आत मादी, अंड्यावर बसलेली. ते सोताले आतून कोंडून घेते अन् नर बाहेरून चारा देते, हे आमाले कुठी ठाऊक? चार दिवस तो उंबर चोचीत घेऊन येत राह्यला, झाड होतं तिथी घिरट्या मारे — अन् मी बाजूलेच कुऱ्हाड चालवत होतो, मान खाली घालून. लाज वाटे. आजबी वाटते.

असे काऊन पाहून राह्यले माह्याकडं? या झाडाईत ढोली तयार व्हाले अजून पन्नास वर्षं लागन, ते पाहाले मी का असणार आहो. ठेवा तो कागद, अंगठा नाई मारत मी. म्या बेहडा पाडला तवा मले माहीत नव्हतं, साहेब. तुमाले आता सांगतलं. जा.