गोंदणावर अडलेला उजेड

अमरावतीहून बडनेऱ्याला निघालेल्या बसमध्ये उत्तमरावांनी पेपर उघडला, पण वाचला नाही. मागच्या सीटवर एक म्हातारं जोडपं होतं. बाईंचा हात मोडून आता सांधला होता आणि त्यांना पुन्हा म्हैस पिळायची होती. तपासणीच्या खोलीत नवऱ्याला घेतलं नव्हतं, म्हणून तो आता उलटतपासणी घेत होता.

"सुई टोचली?"

"नाई वो. हाताले पट्टा बांधला, त्यातून उजेड सोडला आन म्हने, रबरी चेंडू दाबा."

"रक्त न काढता तपासनी? फुकटच आलो आपन."

"ऐका तं! काम करताना हाताचं मांस किती ऑक्सिजन खाते, ते उजेडावरून कळते म्हने."

"मंग कळलं?"

"पयले नाई कळलं. पट्टा नेमका गोंदनावर बसला. त्या शाईनं उजेड आत जाऊच देल्ला नाई."

"कोन्त्या गोंदनावर?"

"'खुशाल' लिवलं हाय, त्याच्यावर."

"म्हंजे माह्या नावानं अडलं?"

"लग्नापासून अडूनच राह्यलं. मंग डॉक्टरीनबाईनं पट्टा बाजूले सरकवला, तं समदं दिसलं."

"काय दिसलं?"

"चेंडू दाबला का ऑक्सिजन उतरते, सोडला का लवकर भरते. हात बरा हाय. म्हैस पिळा म्हने, पन हळूहळू."

"देवच पावला! म्हैस मले लाथाच मारून राह्यली."

"आज दोन सडं मी पिळीन, दोन तुमी."

"आन अर्ध्यात मानूस बदलला, हे तिले कोन सांगन?"

"मी सांगीन. तुमी फक्त लाथेच्या अंगानं बसा."